साखर रोखणारी पुडी खरंच असते का?

गरोदरपणात शुगर होऊ नये म्हणून घरोघरी काय काय चाललेलं असतं, ते औषधांच्या दुकानात बसलं की कळतं. बार्शीत माझं दुकान आहे. वैराग, परांडा, भूमकडून तपासणीला आलेल्या बायका परतीची एसटी गाठण्याआधी माझ्याकडे थांबतात. कुणाच्या आईला मधुमेह असतो, कुणाच्या जावेला गेल्या बाळंतपणात इन्सुलिन लागलेलं असतं. एकीच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला फोटो असतो, दुसरीला बहिणीने पुण्याहून नाव लिहून दिलेलं असतं. मागणी सगळ्यांची एकच : "ताई, शुगर होऊ नये म्हणून काहीतरी द्या."

या 'काहीतरी'मध्ये मायो-इनोसिटॉलच्या पुड्या येतात, ड जीवनसत्त्व येतं, प्रोबायोटिक कॅप्सूल येतात, डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल येतं, प्रोटीन पावडर येते. घरचं म्हणाल तर मेथीदाण्याची पूड आणि दालचिनीचा काढा. यातलं बरंच काही मी विकते. म्हणूनच, कशाला किती पुरावा आहे आणि तो कुठे संपतो, हे पैसे मोजण्याआधी त्या बाईला सांगणं मी माझं काम समजते. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून भरला जातो, तिथे एक खोकं घ्यायचं म्हणजे दूध किंवा फळं कमी करायची. हा हिशेब चुकता कामा नये.

माझं म्हणणं आधीच सांगते. गरोदरपणातला मधुमेह खात्रीने टाळेल अशी गोळी किंवा पुडी आज उपलब्ध नाही. एका पदार्थाकडून थोडी आशा आहे, बाकीच्यांकडून फारशी नाही. आणि या विषयावरचा, आपल्या बायकांनी सगळ्यात आधी ऐकावा असा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला आहे. तिथे बायकांना गोळी दिलेली नव्हती, खाऊ दिला होता.

साखर वाढते कशी?

बाळाला पोसण्यासाठी वार जी हार्मोन्स सोडते, ती आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. आईच्या रक्तातलं ग्लुकोज बाळाला भरपूर मिळावं म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय आहे. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हा विरोध वाढत जातो. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन तयार करून वेळ निभावून नेतं. ज्यांचं पुरं पडत नाही, त्यांच्या रक्तातली साखर वाढते. प्रसूती झाली, वार पडली की बहुतेकींची साखर पुन्हा खाली येते.

कुणाला धोका जास्त? आई-वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असेल, आधीच्या खेपेला साखर वाढली असेल, वजन जास्त असेल, पीसीओएस असेल किंवा वय पस्तिशीकडे झुकलं असेल, तर जास्त. शिवाय आपण भारतीय आहोत, हेसुद्धा एक कारण आहे. अंगाने बारीक दिसणाऱ्या आपल्या बायकांमध्येही पोटाभोवतीची चरबी आणि इन्सुलिनला होणारा विरोध तुलनेने जास्त आढळतो. "मी तर काडी आहे, मला कशी शुगर होईल?" असं म्हणणाऱ्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

वाढलेली साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि अंगाने मोठं होतं. प्रसूती अवघड होते, सिझेरियनची शक्यता वाढते, जन्मल्याबरोबर बाळाची साखर एकदम खाली जाऊ शकते. आईचं बीपी वाढण्याचा धोकाही असतो. 'हापो' या नावाने ओळखला जाणारा नऊ देशांतला मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईची साखर जशी एकेक पायरी वर जाते तसा धोकाही एकेक पायरी वर जातो, हे त्यातून दिसलं. एका ठरावीक आकड्याच्या अलीकडे सगळं ठीक आणि पलीकडे सगळं वाईट, असं नसतं. आणि जिला गरोदरपणात साखर होऊन गेली, तिला पुढच्या आयुष्यात टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते.

म्हणजे बायकांना वाटणारी भीती अनाठायी नाही. भीतीवर उतारा म्हणून जे हातात दिलं जातं, ते नीट तपासून घ्यायचं आहे.

मायो-इनोसिटॉल : खोक्याची मागची बाजू

मागे एक सासू-सून दुकानात आल्या. सुनेला पाचवा महिना. सासूबाईंनी पिशवीतून दुसरीकडून घेतलेलं गोळ्यांचं खोकं काढलं. "आमच्या नणंदेच्या सुनेला हेच दिलं होतं, तिला शुगर आली नाही. हेच अजून दोन महिन्यांचं द्या." मी म्हटलं, "काकू, आधी मागची बाजू वाचू." चष्मा लावून तिघींनी मिळून वाचलं. एका गोळीत मायो-इनोसिटॉल ५५० मिलिग्रॅम, डी-कायरो-इनोसिटॉल १३.८ मिलिग्रॅम. रोज दोन गोळ्या. म्हणजे दिवसाला मायो-इनोसिटॉल झालं १,१०० मिलिग्रॅम, साधारण एक ग्रॅम.

हा आकडा लक्षात ठेवा. त्याचा अर्थ कळायला आधी हा पदार्थ काय आहे ते पाहू.

मायो-इनोसिटॉल हा साखरेच्या जातकुळीतला एक पदार्थ. आपलं शरीर तो स्वतःही तयार करतं आणि संत्र्या-मोसंब्यांतून, खरबुजातून, कडधान्यांतून, कोंड्यासकट धान्यातूनही तो मिळतो. इन्सुलिन पेशीच्या दारात पोहोचलं की त्याचा निरोप आत नेण्याच्या कामात इनोसिटॉलचा हात असतो. पीसीओएस असलेल्या मुलींना तो बरीच वर्षं दिला जातो, त्यामुळे नाव ओळखीचं झालं आहे. तो वाढवला तर गरोदरपणात इन्सुलिनचं काम सोपं होईल, हा विचार त्यातूनच आला.

इटलीत मेसिना इथल्या डॉक्टरांनी तो तपासून पाहिला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २२० गरोदर स्त्रिया होत्या. सगळ्यांच्या आई किंवा वडिलांना टाइप २ मधुमेह होता. निम्म्यांना पहिली तिमाही संपता संपता मायो-इनोसिटॉल सुरू केलं : दोन ग्रॅम सकाळी, दोन ग्रॅम संध्याकाळी, सोबत फॉलिक अॅसिड. उरलेल्यांना नुसतं फॉलिक अॅसिड. नुसतं फॉलिक अॅसिड घेणाऱ्यांत सुमारे १५ टक्के जणींना मधुमेह झाला, मायो-इनोसिटॉल घेणाऱ्यांत ६ टक्के. पुढे इटलीतच लठ्ठ आणि जास्त वजनाच्या स्त्रियांवर झालेल्या चाचण्यांतही असाच मोठा फरक दिसला.

हे आकडे चांगले आहेत, पण त्यांच्याबरोबर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. या चाचण्या लहान होत्या आणि बहुतेक एकाच देशातल्या होत्या. पहिल्या चाचणीत कोण काय घेतंय हे घेणाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्यामुळे दुसऱ्या देशांत काय झालं ते महत्त्वाचं ठरतं.

आयर्लंडमध्ये डब्लिनला २४० स्त्रियांवर चाचणी झाली. घरात मधुमेह असलेल्याच या स्त्रिया. २०१७ मध्ये निकाल आला : काहीही फायदा दिसला नाही. तिथे दिलेला डोस होता दिवसाला मायो-इनोसिटॉल १,१०० मिलिग्रॅम आणि डी-कायरो २७.६ मिलिग्रॅम. सासूबाईंच्या हातातल्या दोन गोळ्यांची बेरीज अगदी तेवढीच होती. ज्या डोसने इटलीत फरक दिसला तो चार ग्रॅमचा. नाव तेच, खोक्यावर गरोदर बाईचं चित्र तेच, पण आतला डोस जवळजवळ चौथाई.

मग चार ग्रॅमची पुडी घेतली की झालं का? तेही म्हणता येत नाही. ब्रिटन, सिंगापूर आणि न्यूझीलंड मिळून 'निपर' नावाची एक मोठी चाचणी झाली. मूल हवं असलेल्या १,७२९ स्त्रिया त्यात होत्या. दिवस जाण्याआधीपासून प्रसूतीपर्यंत त्यांना एक पेय दिलं. एका गटाच्या पेयात नेहमीच्या जीवनसत्त्वांबरोबर मायो-इनोसिटॉल, प्रोबायोटिक, ड, ब-६, ब-१२ जीवनसत्त्वं आणि जस्त होतं. २०२१ मध्ये निकाल आला. सातव्या महिन्यातल्या साखरेत दोन्ही गटांत फरक नव्हता. मुदतीआधीच्या प्रसूती मात्र पहिल्या गटात कमी दिसल्या. त्याचा अभ्यास पुढे व्हायला हवा, पण साखर रोखण्याच्या प्रश्नाला तिथे 'होय' असं उत्तर मिळालं नाही.

जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये मायो-इनोसिटॉलचा पुन्हा आढावा घेतला. मधुमेहाचं प्रमाण त्याने कमी होऊ शकतं, पण पुराव्याची खात्री कमी आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मोठ्या दुष्परिणामांची नोंद नाही, ही जमेची बाजू. मी त्याचा अर्थ असा लावते : जिला धोका खरोखर जास्त आहे, तिने आपल्या डॉक्टरांशी बोलून, योग्य डोसमध्ये, तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आतबाहेर ते सुरू केलं तर ते समजण्यासारखं आहे. पण सगळ्यांनी सर्रास घ्यावं, किंवा ते घेतलं म्हणून शुगरची तपासणी टाळावी, असं सांगणारा कुठलाही पुरावा नाही.

अशा बहुतेक उत्पादनांच्या खोक्यावर आणखी एक ओळ असते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार पूरक आहाराच्या वेष्टनावर, हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, अशी सूचना छापावी लागते. ती इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते. दुकानदाराला सांगून ती वाचून घ्या. सासूबाईंनी त्या दिवशी ती दोनदा वाचून घेतली, आणि मग सुनेला विचारलं, "तुझी शुगरची तपासणी कधी आहे गं?" मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला.

ड जीवनसत्त्व, प्रोबायोटिक, डीएचए

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे ऊन भरपूर असूनही पुष्कळ आढळते. ज्यांच्यात ती आहे त्यांनी ती भरून काढावी, यात वाद नाही. साखर टाळण्यासाठी मात्र ते सगळ्यांना द्यावं का? काही वर्षांपूर्वी कॉक्रेनच्या आढाव्याने त्याला बऱ्यापैकी अनुकूल कौल दिला होता. पुढे त्यातल्या काही चाचण्यांच्या विश्वासार्हतेबद्दल प्रश्न निघाले, त्या वगळल्या गेल्या आणि २०२४ च्या आढाव्यात ती खात्री उरली नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सरसकट प्रत्येक गरोदर बाईला ड जीवनसत्त्व द्या असं म्हणत नाही. दर आठवड्याला साठ हजार युनिटची गोळी स्वतःच्या मनाने घेणाऱ्या बायका मला भेटतात. तसं अजिबात करू नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं.

प्रोबायोटिकची कहाणी आणखी सावध करणारी आहे. फिनलंडमधल्या एका छोट्या चाचणीत त्याने मधुमेह बराच कमी झालेला दिसला होता. मग ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जास्त वजनाच्या ४११ गरोदर स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. २०१९ चा निकाल असा की प्रोबायोटिक घेणाऱ्यांत १८.४ टक्के जणींना मधुमेह झाला आणि बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांत १२.३ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा नक्कीच नव्हता. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात तर प्रोबायोटिक घेणाऱ्यांत गरोदरपणातलं बीपी वाढण्याचा, म्हणजे प्री-एक्लॅम्पसियाचा, धोका वाढलेला दिसला. 'नैसर्गिक आहे, त्याने काय होणार' हे वाक्य गरोदरपणात वापरू नये, ते यासाठी. घरच्या दही-ताकाबद्दल हे मी म्हणत नाही. ते जेवणात जरूर असू द्या. कोट्यवधी जिवाणू ठासून भरलेली कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे.

डीएचएबद्दल ऑस्ट्रेलियातच जवळजवळ २,४०० स्त्रियांची चाचणी झाली. रोज ८०० मिलिग्रॅम देऊनही गरोदरपणातल्या मधुमेहात फरक पडला नाही.

मेथीदाणा, दालचिनी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण यांविषयी गरोदर बाईला एवढंच सांगेन की फोडणीत किंवा भाजीत जेवढं पडतं तेवढं ठीक. चमचे भरभरून औषधासारखं घेऊ नका. गरोदरपणात तेवढ्या प्रमाणात ते सुरक्षित आहे, असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणि ती प्रोटीन पावडर किंवा ताकदीचं पेय? साखर होऊ नये म्हणून ते मागणाऱ्यांना मी घटकांची यादी दाखवते. अनेक डब्यांवर पहिल्या दोन-तीन नावांतच साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं. ते दुधात घालून दोन वेळा पिणं म्हणजे टाळायचं तेच पोटात घालणं.

मुंबईचा खाऊ

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, त्या अभ्यासाकडे येते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. त्याचं नाव 'सरस'. वांद्र्याच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेचे डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी मिळून तो केला. दिवस गेलेले नसलेल्या, पण मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या ६,५१३ स्त्रिया त्यात सामील झाल्या. त्यांना घराजवळच्या केंद्रात बोलावून रोज एक ताजा केलेला खाऊ द्यायचा आणि तिथेच खायला लावायचा. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध असायचं. दुसऱ्या गटाचा खाऊ दिसायला तसाच, पण आत बटाटा, कांदा यांसारख्या कमी पोषणाच्या भाज्या. समोसा, भजी असं ओळखीचं रूप. दिवस जाण्याआधी सुरू झालेला हा खाऊ प्रसूतीपर्यंत चालू राहायचा.

मूळ उद्देश बाळाचं वजन वाढतं का हे पाहण्याचा होता. त्यात एकूण फरक लहान निघाला; ज्यांनी दिवस जाण्याआधी किमान तीन महिने खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅम जड होती. पण सातव्या महिन्याच्या सुमारास ग्लुकोज पिऊन साखरेची तपासणीही केली होती. ते निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बटाटा-कांद्याचा खाऊ खाणाऱ्यांत १२.४ टक्के स्त्रियांना गरोदरपणातला मधुमेह होता. पालेभाजी, फळ आणि दुधाचा खाऊ खाणाऱ्यांत ७.३ टक्के. वजनातले फरक हिशेबात घेऊनही हे अंतर टिकलं.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. साखरेची तपासणी सुमारे निम्म्याच जणींची होऊ शकली. असा प्रयोग दुसऱ्या शहरांत, खेड्यांत पुन्हा व्हायला हवा. खाऊतल्या नेमक्या कुठल्या घटकाने हे घडलं तेही त्यातून वेगळं काढता येत नाही : बीटा कॅरोटीनचं काम, फॉलेटचं, ब-१२ चं की दुधातल्या कॅल्शियमचं? माझ्या मते आपल्यासाठी बोध इथेच आहे. मेथी, चवळी, राजगिरा, दूध, पेरू एकत्र पोटात जातात तेव्हा काय काय घडतं त्याची सगळी उकल अजून झालेली नाही. त्यातला एकच कण उचलून पुडीत भरला तर तेच घडेल, असं मानायला आधार नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हा खाऊ गरोदरपणाच्या आधी सुरू झाला होता. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरकडे नाव घातलं, पाचव्या महिन्यात पुडी आणली, असं तिथे नव्हतं.

पुण्याजवळची गावं आणि ब-१२

पूरक गोळ्यांचा विषय निघाला की पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा उल्लेख करावाच लागतो. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तो पिढ्यान्पिढ्या चालू राहिला. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की त्या आयांपैकी दोन तृतीयांश जणींच्या रक्तात ब-१२ कमी होतं, फॉलेट, म्हणजे फॉलिक अॅसिडच्या गोळीतलं जीवनसत्त्व, मात्र जवळजवळ सगळ्यांचं पुरेसं होतं. ज्यांचं ब-१२ कमी आणि फॉलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. म्हैसूरच्या एका अभ्यासात ब-१२ कमी असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये मधुमेहही जास्त आढळला.

यावरून कुणी फॉलिक अॅसिड बंद करू नका. बाळाच्या मेंदू-मणक्याचे दोष ते टाळतं, हे १९९१ मध्ये निर्विवाद सिद्ध झालं आहे, आणि ते दिवस जाण्याआधीपासून घ्यायला हवं. बोध इतकाच की शाकाहारी घरात ब-१२ कडेही लक्ष हवं. ते वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आमच्याकडे अनेक घरांत दूध डेअरीला जातं आणि सुनेच्या वाट्याला चहापुरतं उरतं. अशा बाईने डॉक्टरांना विचारून ब-१२ तपासावं आणि कमी असेल तर गोळी घ्यावी. ती महाग नाही. ब-१२ दिल्याने गरोदरपणातली साखर टळते असं सिद्ध झालेलं नाही, हे पुन्हा सांगते. पण कमतरता भरून काढायला तेवढं एकच कारण लागत नाही.

फुकट मिळणाऱ्या लाल गोळ्या

महागडी पुडी घेणाऱ्या काही बायका आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या घरी पडून ठेवतात. मळमळतं, शौचाला काळी होते, आणि आता नवीन भीती : "लोहाने शुगर वाढते म्हणतात." याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आमच्या भागात रक्त कमी असलेल्या गरोदर बायका खूप आहेत.

शरीरात लोहाचा साठा जास्त असणं आणि मधुमेह यांचा संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, हे खरं. पण हाँगकाँगमध्ये गरोदर स्त्रियांना रोज ६० मिलिग्रॅम लोह देऊन प्रत्यक्ष चाचणी झाली, आणि २००९ मध्ये आलेल्या निकालात मधुमेह वाढलेला नव्हता. आपल्या सरकारी गोळीतही ६० मिलिग्रॅमच लोह आहे, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. कॅल्शियमच्या दोन गोळ्या वेगळ्या वेळी, जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. लिंबाचं पाणी चालेल, साखर न घालता. या गोळ्या साखरेसाठी नाहीत. रक्त वाढावं, बीपीचा धोका कमी व्हावा यासाठी आहेत. पण गरोदरपणात ज्यांचा उपयोग पक्का ठाऊक आहे अशा गोळ्या मोजक्याच आहेत आणि त्यांत या येतात.

ताट, पाय आणि तपासणी

'दोन जिवांची आहे, दोघांचं खा' हे आमच्याकडचं प्रेम आहे. शिरा, डिंकाचे लाडू, तूप-साखर-पोळी हे सगळं त्या प्रेमातूनच येतं. ते कायम ठेवून ताट थोडं बदलता येतं. माद्रिदमध्ये सुमारे हजार गरोदर स्त्रियांच्या आहारात सुरुवातीपासून ऑलिव्ह तेल आणि पिस्ते वाढवले, तेव्हा मधुमेह २३.४ टक्क्यांवरून १७.१ टक्क्यांवर आला. आपल्याला ऑलिव्ह आणि पिस्ते शोधत जायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीचं दाट वरण, मटकी किंवा हुलग्याची उसळ, शेपू-चाकवत-मेथी, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही, एक पेरू. भाकरी-भात मोजका, डाळ आणि भाजी भरपूर, आणि एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं चार-पाच वेळा. डॉक्टरांची मनाई नसेल तर जेवणानंतर रोज पायी फिरणं. पहिल्या महिन्यांपासून नियमित व्यायाम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये मधुमेह कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

एवढं सगळं करूनही साखर वाढू शकते. तिथे त्या बाईचा काहीही दोष नसतो. वारेची हार्मोन्स आणि घराण्यातून आलेली प्रकृती तिच्या हातात नाही. म्हणून तपासणी सोडू नका. आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या भेटीतच आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशीपोटी जावंच लागतं असं नाही. दोन तासांनंतरचा आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घ्यायची. ही पद्धत रुजवण्यात चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा मोठा वाटा आहे; त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, भारतात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. साखर निघालीच तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं, आणि तरी जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल तर औषध किंवा इन्सुलिन. वेळेत कळलं तर आई आणि बाळ दोघंही सुखरूप राहतात. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची, आणि पुढेही ती चालू ठेवायची. बहुतेक जणी नेमकी हीच तपासणी विसरतात.

कुठल्याही पूरक गोळीचं खोकं हातात आलं तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्यात कशाची कमतरता आहे का? या खोक्यातला डोस चाचणीत वापरलेल्या डोसइतका आहे का? हे घेतलं तरी माझी तपासणी कधी करायची? डॉक्टरांनी हो म्हटलं तर जरूर घ्या.

आणि एक मागणी सगळ्यांकडे आहे. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम जेवण मिळतं. हे चांगलंच काम आहे, पण ते दिवस गेल्यावर सुरू होतं. मुंबईच्या अभ्यासाने दाखवलेला फायदा त्याआधी सुरू झालेल्या खाण्याचा आहे. नवीन लग्न झालेल्या मुलींसाठी, अंगणवाडीत नाव घालण्याआधीच्या त्या महिन्यांसाठी, सरकारने आणि घरानेही विचार करायला हवा. घरातल्या सुनेने आणि लेकीने शेवटी उरलंसुरलं खायचं, ही रीत बंद करायला कुठल्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. तिच्या ताटात रोज पालेभाजी, डाळ, दूध आणि एक फळ आधी वाढा. गरोदरपणातली साखर रोखायची तयारी तिथून सुरू होते, आणि तिचा खर्च त्या खोक्यापेक्षा कमी आहे.